दाराच्या चौकटीची गिटार

बचत गटाच्या बैठकीत कर्जाची कारणं साधारण ठरलेली असतात. शेळी, शिलाई मशीन, मुलीची फी, घरातलं आजारपण. गेल्या उन्हाळ्यात मात्र आमच्या गटातल्या एका ताईनं उभं राहून सांगितलं, "पोराला गिटार घ्यायचीय. करंटवाली. पंचेचाळीस हजाराची."

क्षणभर कुणी बोललंच नाही. मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या!

ताईंचं नाव मुद्दाम देत नाही. नवरा सुतारकाम करायचा, तो चार वर्षांपूर्वी गेला. ताई पोळ्यांची कामं करतात. मुलगा गावातल्या ऑर्केस्ट्रात उसन्या गिटारीवर वाजवायचा. ती ज्याची होती त्यानं परत नेली आणि पोराची कमाई बंद झाली. म्हणजे मागणी अगदीच हौसेची नव्हती. पण ४५ हजार? आमच्या गटाची गंगाजळीच जेमतेम साठ हजारांची.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. पडवीत सागाच्या चार जाड फळ्या उभ्या होत्या. एक जुना वाडा पाडला तेव्हा त्याच्या दाराची चौकट ताईंच्या यजमानांनी विकत घेतली होती, त्यातलंच हे उरलेलं लाकूड. मुलगा म्हणाला, "काकू, मी गिटार स्वतःच करणार होतो, बाबांची हत्यारं आहेत. पण शहरातला दुकानदार म्हणाला, अंग महोगनीचं हवं. सागाचं केलंस तर खोकं होईल, टोन येणारच नाही."

मी बी.ए. मराठी. विज्ञानाशी दहावीनंतर फारकत घेतलेली. पण हा प्रश्न डोक्यातून जाईना. कारण या उत्तरावर ३५-३६ हजारांचा फरक होता. माझा भाचा पुण्यात साउंडचं काम करतो, त्याला फोन लावला. पुढचे पंधरा दिवस तो आणि मी!

सगळ्यात आधी माझा एक समज मोडला. आपल्या डोळ्यासमोर असतो मिरजेचा तानपुरा. त्यात भोपळा आणि तबली तारेचं कंपन घेतात, हवा हलवतात, म्हणून आवाज होतो. तिथं भोपळा, लाकूड, जवारी सगळंच बोलतं. इलेक्ट्रिक गिटारीचं तसं नाही. तिच्या तारांखाली 'पिकअप' नावाची पट्टी असते. लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत किंचित वीज तयार होते आणि ती अँप्लिफायरमध्ये जाते. भाचा म्हणाला, "मावशी, तिच्यावर नायलॉनची तार लाव आणि कितीही छेड. स्पीकरमधून जवळजवळ काही येणार नाही." तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की पिकअपला लाकूड ऐकूच येत नाही, त्याला फक्त पोलाद कळतं.

मग लाकूड हवंच कशाला? जगातल्या पहिल्या यशस्वी इलेक्ट्रिक गिटारीला ते नव्हतंच. अमेरिकेत १९३२ च्या सुमारास रिकनबॅकरची जी गिटार बाजारात आली ती ओतीव ॲल्युमिनियमची होती. मांडीवर ठेवून वाजवायची, हवाईयन पद्धतीची. दिसायला इतकी तव्यासारखी, की नावच पडलं 'फ्राइंग पॅन'! तिची अडचण वेगळी होती. दिव्यांखाली धातू तापला की ती बेसूर व्हायची.

पोकळ गिटारीला पिकअप बसवला तर दुसरीच पंचाईत. स्पीकरचा आवाज तिच्या पोटात शिरतो, पोट थरथरतं, तेच परत स्पीकरमधून येतं आणि कर्कश शिट्टी सुटते. लाउडस्पीकरसमोर माइक धरला की होतं ना, तेच. म्हणून भरीव अंग आलं. लेस पॉल या वादकानं १९४० च्या सुमारास चार इंची चौकोनी ओंडक्यावर तारा ताणल्या. लोकांना ते ध्यान आवडेना, तेव्हा दोन्ही बाजूंना गिटारीची अर्धी-अर्धी अंगं चिकटवली. ती निव्वळ दिखाव्यासाठी!

१९५० मध्ये लिओ फेंडरनं सरळ फळी कापून गिटार बाजारात आणली. हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. ॲश नावाच्या लाकडाचं अंग आणि चार स्क्रूंनी बसवलेली मान, मोडली तर बदलता यावी म्हणून. गिब्सन कंपनीची १९५२ ची लेस पॉल गिटार याच्या उलट. महोगनीचं अंग, वर मेपलचा थर आणि मान सरसानं कायमची जोडलेली. दोन्हींचे आवाज वेगळे, फेंडरचा टणत्कारी, गिब्सनचा भरदार. लोकांनी श्रेय लाकडाला दिलं. पण दोघींचे पिकअप वेगळे, तारांची लांबी वेगळी (एकीची साडेपंचवीस इंच, दुसरीची पावणेपंचवीस), पूल वेगळा. भाजी चविष्ट झाली की श्रेय नेमकं कढईला द्यायचं, त्यातला प्रकार!

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. फेंडरच्या कारखान्यात हे पिकअप गुंडाळायला बायका असत. अबिगेल इबारा ही त्यातली एक. १९५६ मध्ये ती तिथं लागली आणि २०१३ मध्ये निवृत्त झाली. तिच्या हातच्या पिकअपसाठी वादक जादा पैसे मोजत. वेढे किती, किती ताणून, किती सैल, हे सगळं तिच्या बोटांत. दुकानदार महोगनीचं कौतुक सांगतो, या हातांचं कोण सांगतं?

लाकडाचा काहीच परिणाम नाही, असंही नाही. तारेच्या थरथरण्यातली थोडी ताकद अंग आणि मान खातात. जर्मन अभ्यासकांनी १९९० च्या दशकात मोजून दाखवलं, की मान ज्या सुरावर स्वतःच थरथरते, तो सूर त्या ठिकाणी लवकर विझतो. पण हा फरक पिकअप, त्याची जागा, तारा आणि अँप्लिफायर यांच्यापुढे बारीक. नॅशव्हिलच्या जिम लिल या वादकानं तर दोन टेबलांच्या मध्ये नुसत्या तारा ताणल्या, खाली पिकअप ठेवला, अंग नाहीच, आणि आवाज थेट गिटारीसारखा! भाच्यानं मला तो व्हिडिओ दाखवला. मी तीनदा पाहिला.

ताईंना मात्र मी वेगळीच गोष्ट सांगितली. क्वीन या इंग्लिश बँडचा ब्रायन मे. (यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला.) ब्रायननं १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली, कारण विकतची परवडत नव्हती. मान केली शेकोटीवरच्या शंभर वर्षं जुन्या फळीची, तिला वाळवीसारख्या किड्यानं भोकं पाडलेली, ती काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. अंगात जुन्या टेबलाचं ओक. मोटरसायकलच्या स्प्रिंगा. पट्टीवरचे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. आणि कांडीचं टोक विणायच्या सुईचं! दोन वर्षं लागली. त्याच गिटारीवर तो २००२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवरून वाजवत होता.

"बटणं माझ्याकडं पण हायत," ताई म्हणाल्या.

पुढच्या बैठकीत मी सगळं मांडलं. कर्ज मागितलं साडेनऊ हजार: तयार मान, पिकअप, पूल, खुंट्या, तारा. एकजण म्हणाली, "वहिनी, आणि नाही वाजली तर?" प्रश्न रास्त होता. मी जामीन राहिले. घरी ते आठ दिवसांनी सांगितलं, ही गोष्ट वेगळी.

मुलानं दोन फळ्या मधोमध जोडून पावणेदोन इंची अंग कापलं. सागाला तेल असतं, सरस नीट धरत नाही, म्हणून जोड आधी थिनरनं पुसला. हे वडिलांकडून पाहिलेलं. पण मानेचा खाचा जरा सैल कापला गेला. पहिल्या दिवशी वाजवली तेव्हा मान किंचित हलत होती, सूर ठरेना आणि टिकेना. पोराचा चेहरा पडला. "दुकानदार खरंच बोलला काकू, खोकं झालं." मी काही न बोलता भाच्याला फोन जोडून दिला. त्यानं विचारलं, "मानेजवळ कागद जातो का बघ." पोस्टकार्ड सहज गेलं. पोरानं व्हिनियरची पातळ चकती घालून खाचा पुन्हा घट्ट केला, पूल दोन मिलिमीटर मागं घेतला. मग जो सूर निघाला तो ऐकून शेजारची म्हातारी दारात आली.

वजन सव्वाचार किलो भरलं. साग तो सागच. पट्टा खांद्याला काचतो, म्हणून ताईंनी त्याला आतून जुन्या गोधडीचा तुकडा शिवून दिला. दुकानदाराला तिथं बोलायला जागा आहे, एवढं मान्य करते.

गणपतीत पोरानं सात कार्यक्रम केले. तीन हप्ते फिटले, चौथा येत्या दहा तारखेला आहे. उरलेल्या फळीकडं बघून ऑर्केस्ट्रातल्या एकानं आपल्यासाठीही एक कर म्हणून विचारलंय. ताई म्हणतात, आधी मला त्यातनं पोळपाट.