शब्द एक, दुखणी दोन

लॅटिन भाषेत ‘कोन्स्तिपारे’ असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ दाटीने कोंबणे. इंग्रजीतील ‘कॉन्स्टिपेशन’ त्यातूनच आले. इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ बद्धकोष्ठता. स्पेनमध्ये मात्र ‘कोन्स्तिपादो’ म्हणजे सर्दी झालेला माणूस! पोर्तुगालमध्येही रोजच्या बोलण्यात ‘कोन्स्तिपासांव’ म्हणजे सर्दीच. स्पॅनिशमध्ये या क्रियापदाला त्वचेची रंध्रे मिटून घाम कोंडणे, असाही जुना अर्थ आहे. थंडी बाधण्याशी त्याचे नाते त्यातून उमगते.

मग बद्धकोष्ठतेला तेथे काय म्हणतात? स्पॅनिश शब्द ‘एस्त्रेन्यिमिएन्तो’; त्याच्या मुळाशी आवळण्याची कल्पना आहे. पोर्तुगीज म्हणतात ‘प्रिझांव द व्हेंत्र’, म्हणजे पोटाचा बंदिवास. आपल्या ‘बद्ध’ कोष्ठाचे हे सख्खे भावंडच! जर्मन ‘फेरस्टोप्फुंग’ म्हणजे तुंबणे; मोरी तुंबली तरी हाच शब्द.

वाचकहो, ही केवळ शब्दांची गंमत नाही. बद्धकोष्ठतेचा रुग्ण माद्रिदच्या औषधांच्या दुकानात ‘कोन्स्तिपादो’ म्हणाला, तर त्याच्या हाती सर्दीचे औषध पडण्याचा संभव आहे. सर्दीवरील गुंगी आणणारी काही औषधे, तसेच कोडीनयुक्त खोकल्याची औषधे, आतड्यांची हालचाल मंदावतात. म्हणजे दुखणे वाढणारच. वृद्ध पुरुषांत गुंगी आणणाऱ्या त्या औषधांनी लघवीही अडू शकते.

वैद्यकीय परिभाषाही यातून सुटलेली नाही. ‘ऑब्स्टिपेशन’ म्हणजे जर्मन डॉक्टरांच्या लेखी साधी बद्धकोष्ठता. इंग्रजी वैद्यकात मात्र मल आणि वायू दोन्ही पूर्णपणे अडणे.

म्हणून आपण घरी असा वा परदेशी मुलांकडे, डॉक्टरांना दुखण्याचे केवळ नाव सांगू नका, वर्णन सांगा. शौचास किती दिवसांनी होते, मल कठीण असतो का, कुंथावे लागते का, वायू सरतो का, कोणती औषधे चालू आहेत, हे सांगा. ‘पोट साफ होत नाही’ या आपल्या नेहमीच्या वाक्याचेही अर्थ अनेक होतात. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांनी हा तपशील वहीत टिपून ठेवावा.

मलातून रक्त जाणे, वजन घटणे किंवा शौचाची सवय अलीकडे अकस्मात बदलणे, यांपैकी काही आढळल्यास तपासणी लांबवू नये. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल, तर जुलाबाचे औषध घरी न देता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.