औषधनिर्मितीत विद्यापीठीय प्रयोगशाळांचे योगदान

नव्या औषधांच्या संशोधनाचे श्रेय बहुधा औषध कंपन्यांना दिले जाते. परंतु वनस्पतिजन्य औषधांबाबत पायाभूत कार्याचा मोठा वाटा विद्यापीठांचा असतो. जबलपूरमधील अधारताल येथे १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय हे त्याचे बोलके उदाहरण होय.

अश्वगंधेच्या मुळांतील विथॅनोलाइड या क्रियाशील घटकांचे प्रमाण वाण, जमीन, हवामान आणि काढणीची वेळ यांनुसार बदलते. हे प्रमाण अनिश्चित राहिल्यास औषधाची मात्रा ठरविता येत नाही आणि एका चाचणीचा निष्कर्ष दुसऱ्या चाचणीत पडताळता येत नाही. त्यामुळे एकसमान गुणवत्तेचे बियाणे ही औषधनिर्मितीची पहिली पायरी ठरते. या विद्यापीठाच्या मंदसौर केंद्रात ‘जवाहर असगंध-२०’ व ‘जवाहर असगंध-१३४’ हे वाण विकसित झाले. कोरडवाहू शेतकऱ्यालाही त्यातून खात्रीचे पीक मिळते. (२००८ मध्ये ग्वाल्हेर येथे स्वतंत्र कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर हे केंद्र त्याच्याकडे गेले.)

त्यापुढे प्राण्यांवरील सुरक्षितता चाचण्या, टप्प्याटप्प्याने होणाऱ्या मानवी चाचण्या आणि औषध नियामकाची मान्यता हे टप्पे येतात. त्यांचा खर्च विद्यापीठांच्या आवाक्याबाहेरचा असल्याने उद्योगांचे सहकार्य अपरिहार्य ठरते. असे सहकार्य करताना जैविक संसाधनांच्या लाभांचे न्याय्य वाटप व्हावे, हे जैविक विविधता अधिनियम, २००२ चे एक उद्दिष्ट आहे. प्रयोगशाळा, शेतकरी आणि उद्योग यांची साखळी अखंड राहिली, तरच संशोधनाचे फळ रुग्णापर्यंत पोहोचेल.