उष्ण हवामानातील ग्लायडर-ओढ : सुरक्षित उड्डाणाचा अंदाज

प्रस्तावना :
ग्लायडरला सहसा इंजिन नसते. दोराने जोडलेले विमान त्यास आकाशात ओढून नेते व पुढे ते तापून वर चढणाऱ्या हवेच्या प्रवाहांवर तरंगते. ज्या उष्णतेवर ग्लायडरची भिस्त असते, तीच उष्णता ओढणाऱ्या विमानाची क्षमता घटविते. प्रस्तुत लेखात या विसंगतीचे विवेचन केले आहे.

घनता-उंची :
अमेरिकेतील टेक्सास राज्यात उवाल्डे येथे 1991 व 2012 मध्ये जागतिक ग्लायडिंग स्पर्धा ऐन ऑगस्टमध्ये झाल्या. तेथील विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 285 मीटर उंचीवर आहे. त्या उंचीवर तापमान 40 अंश सेल्सिअस असल्यास हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाणित घनतेपेक्षा सुमारे 11 टक्क्यांनी कमी भरते. परिणामी इंजिन, प्रॉपेलर व पंख यांच्या दृष्टीने धावपट्टी जणू 1,200 मीटर उंचीवर जाते. उड्डाणाच्या क्षणी वेगदर्शक नेहमीचाच आकडा दाखवितो. मात्र प्रत्यक्ष वेग समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे 6 टक्क्यांनी अधिक असावा लागतो. तो घटलेल्या शक्तीने गाठावयाचा असल्याने धाव लांबते. चढाई तर केवळ शिल्लक शक्तीवर होत असल्याने अधिकच मंदावते.

अंतराची मोजणी :
ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या सुरक्षा-पत्रकात तापमानातील 10 अंशांच्या वाढीस 1.1, कोरड्या गवतास 1.2 आणि सुरक्षिततेसाठी 1.33 असे गुणक दिलेले आहेत. त्यांचा परस्पर गुणाकार करावयाचा असतो. समजा, 20 अंश तापमानात, पक्क्या पट्टीवर ग्लायडरसह 15 मीटर उंची गाठण्यास 600 मीटर अंतर लागते. 40 अंशांस गवती पट्टीवर हेच अंतर 600 × 1.1 × 1.1 × 1.2 × 1.33, म्हणजे सुमारे 1,160 मीटर धरावे लागेल. पुस्तिकेतील मूळ आकडा केवळ विमानाचा आहे की ग्लायडरसह, हे आधी तपासणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :
सकाळी सुखरूप झालेले उड्डाण दुपारच्या उड्डाणाची हमी देत नाही. म्हणून तापमान वाढताच गणित नव्याने मांडावे. अंतर अपुरे पडल्यास ग्लायडरमधील पाण्याचा भार कमी करावा किंवा उड्डाण पुढे ढकलावे. पट्टीच्या निम्म्या अंतरापर्यंत उड्डाणवेगाच्या 70 टक्के वेग न आल्यास धाव थांबवावी, हा वैमानिकांमधील प्रचलित संकेत येथेही उपयुक्त ठरतो. थांबण्याची ती खूण दोन्ही वैमानिकांनी दोर जोडण्यापूर्वीच निश्चित केलेली असावी. कारण धावत्या विमानात विचारास अवधी नसतो.