भाषांतरित प्रश्नावलीची विश्वसनीयता : आत्मक्षमतेच्या मापनाचे एक उदाहरण

साहित्यकृतीच्या भाषांतराचा कस वाचकाच्या आस्वादात लागतो. मानसशास्त्रीय प्रश्नावलीच्या भाषांतराला त्याखेरीज एका अंकालाही सामोरे जावे लागते. हा अंक नेमके काय सांगतो, याविषयी बरेच गैरसमज आढळतात.

माथियास येरुझालेम व राल्फ श्वार्त्सर यांनी १९७९ मध्ये जर्मन भाषेत सिद्ध केलेली सामान्य आत्मक्षमता-श्रेणी या दृष्टीने उद्बोधक आहे. मूळची वीस विधाने १९८१ मध्ये दहावर आणण्यात आली. आज जगभर परिचित असलेला तिचा इंग्रजी पाठ हाही भाषांतरच होय. जर्मन संज्ञेत ‘अपेक्षा’ हा घटक उघड आहे. इंग्रजी संज्ञेत तो लोपला आणि आत्मक्षमतेविषयीची श्रद्धा जणू आत्मक्षमताच आहे, असे भासू लागले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंचवीस देशांच्या अभ्यासात १९,१२० व्यक्तींचे प्रतिसाद तपासले गेले.

अशा पाठांची विश्वसनीयता बहुधा ली क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या अल्फा गुणकाने सांगितली जाते. विधानांचे परस्परसंबंध आणि त्यांची संख्या यांवर तो अवलंबून असतो. दहा विधानांमधील सरासरी सहसंबंध ०.४० असेल, तर प्रमाणित गुणक सुमारे ०.८७ येतो, सहसंबंध ०.५० झाला की ०.९१. येथेच भाषांतरकाराची कसोटी आहे. अडचणीत शांत राहणे, विरोधातून मार्ग काढणे, एका प्रश्नाची अनेक उत्तरे सुचणे या भिन्न छटा त्याने एकाच ठोकळेबाज वाक्यात बसविल्या, तर प्रतिसाद एकसारखे होऊन गुणक वाढू शकतो. भाषांतर सपाट, अंक मात्र उत्तम!

मराठीत हा प्रश्न क्रियापदाशीच उभा राहतो. ‘मी सोडवू शकतो’ या रचनेत शक्यता आहे, ‘मला सोडवता येते’ हीत संपादित कौशल्य, तर ‘मला जमते’ यात काहीसा संकोच. पहिल्या रचनेत ‘शकतो/शकते’ असा लिंगभेदही करावा लागतो. उरलेल्या दोन त्यातून सुटतात, पण कर्तेपण सौम्य करतात. रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या निबंधानंतर रूढ झालेली उलट भाषांतराची पद्धत हा भेद टिपेलच असे नाही, कारण इंग्रजीत परतताना तिन्ही रचना एकाच साहाय्यक क्रियापदात विलीन होऊ शकतात.

म्हणून केवळ अल्फावर विसंबता येत नाही. त्याच व्यक्तींकडून काही आठवड्यांनी पुन्हा उत्तरे घेतल्यास प्रतिसादांचे स्थैर्य कळते. प्रत्येक विधानाचा उर्वरित विधानांच्या बेरजेशी असलेला सहसंबंध पाहिल्यास फटकून वागणारे वाक्य सापडते. द्वैभाषिकांना दोन्ही पाठ देणे अधिक कष्टाचे, पण अधिक फलदायी. त्यांपैकी निम्म्यांना आधी मराठी व निम्म्यांना आधी इंग्रजी पाठ द्यावा लागतो. अन्यथा पहिल्या उत्तराची स्मृती दुसऱ्यावर पडते, आणि भाषेचा परिणाम कोणता व क्रमाचा कोणता, हे वेगळे काढता येत नाही.