मनगटातली थरथर

संग्रामपूर तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय : वडिलांच्या मनगटाजवळ फिस्टुला केला, टाकेही निघाले, मग डायलिसिस अजून मानेतल्या नळीतूनच का?

कारण शीर अजून तयार नाही. यंत्राला मिनिटाला 300 मिलिलिटरच्या आसपास रक्त लागतं. हातातली साधी शीर एवढं देऊच शकत नाही. धमनी तिला जोडली (हाच फिस्टुला) की धमनीच्या दाबाने ती फुगते, जाड होते आणि मग आठवड्यातून दोन-तीनदा जाड सुया सोसते. त्याला सहसा सहा आठवडे तरी लागतात, कधी तीन महिने. काहींची शीर तयार होतच नाही.

धमनीला शीर जोडण्याची ही युक्ती 1965 ची, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातली. त्याआधी डॉ. स्क्रिबनर यांची टेफ्लॉनची नळी हातावर, त्वचेच्या बाहेर असायची. ती तुंबायची, पिकायची. नवी जोडणी तिथल्याच दोन डॉक्टरांच्या नावाने ‘ब्रेशिया-सिमिनो फिस्टुला’ म्हणून गाजली. धमनीला शीर प्रत्यक्ष शिवणारे सर्जन होते केनेथ ॲपेल. 1966 च्या शोधनिबंधावर त्यांचं नाव आहे, फिस्टुलाच्या नावात नाही. टाके घालणाऱ्याचं हे असंच होतं!

मानेतली नळी सोयीची, पण जंतूंना थेट रक्तात वाट देणारी. डायलिसिस चालू असताना हुडहुडी भरून ताप आला, तर आधी संशय नळीवर घ्यायचा. शिवाय नळी फार दिवस राहिली की छातीतली मोठी शीर अरुंद होऊ शकते; मग हात सुजतो आणि त्या बाजूचा फिस्टुलाही धोक्यात येतो.

संग्रामपूर ज्यात येतं त्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातल्या किडनीच्या रुग्णांची बातमी आली की डायलिसिसची यंत्रं किती बसवली हे छापून येतं. (बोट खाऱ्या पाण्याकडे जातं, नेमकं कारण मात्र अजून पक्कं ठरलेलं नाही.) यंत्रं हवीतच. पण फिस्टुला आधीच तयार ठेवून किती जण डायलिसिसला आले, हा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

वडिलांच्या त्या हाताला बीपीचा पट्टा नको, सलाईन नको, उशाला तो हात नको. बोटं गार पडून दुखू लागली तर डॉक्टरांना सांगा. रोज सकाळी जोडावर बोटं ठेवा : चालू गिरणीच्या भिंतीला हात लावावा तशी थरथर लागली पाहिजे. डायलिसिसनंतर बीपी उतरला किंवा उन्हाळ्यात शरीर कोरडं पडलं की गुठळी धरू शकते. थरथर लागली नाही, तर पुढच्या पाळीची वाट बघू नका; त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताजी गुठळी काढता येण्याची शक्यता जास्त असते.