मिरजेची ‘लाईट’ आणि प्रकाशाचा वेग

जत तालुक्यात कॅन्सरच्या रुग्णाच्या घरी ‘रेडिओथेरपी’ हा शब्द फारसा ऐकू येत नाही. “आईला लाईट द्यायला मिरजेला न्यायचीय,” असंच म्हणतात. आठवड्यातले पाच दिवस, पाच-सहा आठवडे हा फेरा चालतो. रुग्णाला टेबलावर झोपवतात, बाकीचे सगळे खोलीबाहेर जातात, यंत्र गुणगुणतं आणि काही मिनिटांत काम संपतं. दुखत नाही, भाजत नाही. मग परतीच्या गाडीत प्रश्न येतो : त्या यंत्रात असतं तरी काय?

त्यात असतो एक प्रवासी. लिनिअर अॅक्सिलरेटर या यंत्रातल्या, साधारण मीटरभर किंवा त्याहून आखूड नळीत इलेक्ट्रॉनला विद्युतलहरींवर स्वार करून पळवतात. नळीच्या टोकाला त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ९९.७ टक्के झालेला असतो. तिथं तो धातूवर आदळतो आणि त्यातून निघणारे क्ष-किरण गाठीवर सोडले जातात. म्हणजे प्रकाशाच्या वेगानं निघालेल्या प्रवाशाला काय दिसेल, हा प्रश्न फक्त विज्ञानकथेतला नाही. त्या वेगाच्या अगदी जवळ पोचणारे प्रवासी मिरजेत रोज सुटतात.

पण ते पूर्ण शंभर टक्क्यांना का पोचत नाहीत? नेहमीच्या उपचारात इलेक्ट्रॉनला साठ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देतात. न्यूटनचं शाळेतलं सूत्र लावलं, तर त्याचा वेग प्रकाशाच्या जवळजवळ पाचपट यायला हवा. तसं होत नाही. ऊर्जा दुप्पट केली, तरी ९९.७ चे फक्त ९९.९ टक्के होतात. पुढं ओतलेली ऊर्जा वेगात फारशी दिसत नाही. शेवटचा तसूभर टप्पा पार करायला अमर्याद ऊर्जा लागेल. आइन्स्टाइननं वयाच्या सोळाव्या वर्षी स्वतःलाच विचारलं होतं, की प्रकाशाच्या किरणामागं त्याच्याच वेगानं धावलो तर काय दिसेल? १९०५ मध्ये त्यानं दिलेल्या उत्तराचा मतितार्थ असा, की वस्तुमान असलेल्या कुणालाही ती बरोबरी साधता येत नाही. आणि खुद्द प्रकाशाला काय दिसतं, हे विचारण्यात अर्थ नाही. त्याच्यापाशी घड्याळच नाही. बघायला थोडा तरी वेळ जावा लागतो.

तेव्हा ९९ टक्क्यांवर समाधान मानू आणि इलेक्ट्रॉनच्या जागी माणूस बसवू.

पहिली गंमत पावसासारखी. सरी सरळ खाली पडत असतात, पण मोटारसायकल पळवली की त्या समोरून तोंडावर येतात. (जतकरांना पावसाचा दाखला देणं म्हणजे थोडी चेष्टाच, पण दुसरा इतका सोपा नाही.) ताऱ्यांच्या प्रकाशाचंही तसंच होतं. या प्रवाशाच्या पुढचं अर्धं आकाश समोरच्या, हात लांब करून ताणलेल्या वितीखाली झाकेल एवढ्या वर्तुळात गोळा होतं. जे तारे खरं तर त्याच्या पाठीमागं आहेत, त्यांतलेही बरेचसे समोर सरकलेले दिसतात.

दुसरी गंमत १०८ च्या सायरनची. गाडी जवळ येताना आवाज चढतो, लांब जाताना पडतो. इथं रंग चढतो. समोरून येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी चौदापट आखूड होते. त्यामुळे समोरचे तारे निळसर-पांढरे भगभगतात आणि त्यांचा बराच प्रकाश अतिनील होऊन डोळ्यांना दिसेनासा होतो. उलट, आपल्या अंगाएवढी कोमट वस्तू, जी एरवी नुसती अदृश्य उष्णता सोडते, ती समोर आली तर बल्बच्या तारेपेक्षा प्रखर दिसेल. डोळ्याच्या पडद्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचीच खिडकी आहे. खिडकी तीच राहते, बाहेरचं दृश्य सरकतं. मागं वळून पाहिलं तर सूर्यासारखा ताराही विझलेला असेल. त्याचा प्रकाश ताणून ताणून नुसती ऊब उरलेली असते.

ही शोभा बघायला प्रवासी जगेल का? हे चित्र रंगवणारे बहुतेक जण इथं गप्प बसतात. ताऱ्यांमधली पोकळी अगदी रिकामी नसते. सरासरी घनसेंटिमीटरला हायड्रोजनचा एखादा अणू धरला, तरी या वेगानं धावणाऱ्याच्या शरीरावर तो किरणोत्साराच्या माऱ्यासारखा आदळतो. साधा हिशेब मांडला तर दर सेकंदाला निदान दहा ग्रे मात्रा येते. मिरजेत एका बैठकीला बहुधा दोन ग्रे देतात, तेही फक्त गाठीच्या जागी. म्हणजे आठवडाभराचे उपचार एका सेकंदात आणि सगळ्या अंगावर. उपचार मिळाले नाहीत तर चार-पाच ग्रेमध्येच निम्मी माणसं दगावतात.

वेगामुळं काळ मंदावतो, हे मात्र अंगावरून रोज सिद्ध होत असतं. सुमारे पंधरा किलोमीटर उंचीवर वैश्विक किरण हवेवर आदळून म्युऑन नावाचे कण तयार होतात. म्युऑनचं सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या सव्वादोन पट. तेवढ्यात प्रकाशही सातशे मीटर जात नाही. तरी ते जमिनीवर पोचतात, कारण आपल्या घड्याळानं त्यांचं आयुष्य लांबतं. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर वातावरणाची जाडीच काहीशे मीटर होते. अशा कणांवरून सापेक्षता सिद्धांत थेट पडताळता येईल, हे १९३८ मध्ये केंब्रिजमधून लिहिलं मुंबईच्या होमी भाभांनी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. तीन वर्षांनी रॉसी आणि हॉल यांनी अमेरिकेत, कोलोरॅडोत, मोजणी करून ते दाखवलं. उन्हाळ्यात गच्चीवर झोपलेल्या जतकराच्या अंगातून रात्रभरात असे पंचवीस-तीस लाख म्युऑन आरपार जातात.

आणि ‘लाईट’? डोक्यावर किंवा डोळ्याजवळ उपचार घेणारे काही रुग्ण सांगतात, की डोळे मिटलेले असताना निळा उजेड चमकला. घरचे म्हणतात, भास झाला असेल. तो भास नाही. डोळ्यातल्या पारदर्शक द्रवात प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाखांवरून सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो. क्ष-किरणांनी तिथं उडवलेले इलेक्ट्रॉन त्याहून जोरात धावतात आणि मागं निळसर प्रकाश सोडतात. त्याला चेरेनकोव्ह प्रकाश म्हणतात. तो खरोखर डोळ्यातच पडतो, आणि खोलीत दुसऱ्या कुणाला दिसत नाही.