मुलाखतीचा दिवस

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. अठरा प्रवचने अशी कागदावरून भिंतींबाहेर आली.

आज धुळे किंवा जळगावच्या जिल्हा कारागृहात कुणी आपले असेल, तर भेटीला, म्हणजे तिथल्या भाषेत ‘मुलाखती’ला, जाताना ओळखपत्र हवेच. ई-मुलाखत प्रणालीवर आधी नोंदणी करता येते. चोपड्याहून एस.टी.ने येणाऱ्या आईची फेरी वाया जाऊ नये, म्हणून ही नोंदणी जरूर करावी.

कैद्याला येणारी-जाणारी पत्रे अधिकारी वाचतात. खटल्याचे वकिलाशीच बोलावे. पत्रात कपाशीची वेचणी, पोरीचा निकाल, व्यायलेली म्हैस लिहावी.

महाराष्ट्रातल्या काही कारागृहांत ‘गळाभेट’ही होते. मधे जाळी नसते. लेकरू थेट बापाच्या मांडीवर.